पहिलं ‘नको’

आकाराम चौगलेने सव्वीस वर्षांत कुणाचंही पहिलं ‘नको’ मनावर घेतलेलं नाही. कोल्हापुरात कुणी घेतही नाही. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ते चांगल्या घरचा असल्याचा पुरावा म्हणून. दुसऱ्यांदा म्हणतो ते शेजारच्यांनाही तो पुरावा मिळावा म्हणून. तिसऱ्यांदा तो ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, तेव्हा कुठे त्याची भूक निम्मी भागलेली असते. त्या दोन हातांच्या फटीतून पळीभर पांढरा रस्सा नेमका वाटीत सोडायचा आणि पाहुण्याच्या मनगटावर थेंब उडू द्यायचा नाही, ही आकारामची विद्या. तिचं सर्टिफिकेट कुठलीच संस्था देत नाही, त्यामुळे ती विद्या आहे असं आजकाल कुणी मानत नाही.

स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत बाळासो इंगवल्यांची खानावळ होती. आकाराम तिथला वाढपी. शिरोळकडून आला तेव्हा ओठावर नीट मिसरूडही नव्हतं, आणि आता होती ती मिशी पांढरी झाली होती. मालक बाळासो त्याच्यावर खूश असत आणि वैतागलेलेही असत. “आकाराम, तू वाढायला लागलास की माणूस उठतच न्हाय,” असं ते म्हणत. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हे कौतुक वाटत होतं की तक्रार, ते बाहेर रांगेत किती लोक उभे आहेत यावर ठरायचं.

मग बाळासोंचा मुलगा राजवर्धन परदेशात दोन वर्षं हॉटेलचं शिकून परत आला. येताना त्याने एक दाढी आणि पुष्कळ कल्पना आणल्या. पहिल्या महिन्यात खानावळीच्या भिंतींचा ऑइलपेंट खरवडून आतली जुनी वीट बाहेर काढली. जिथे वीट निघाली नाही तिथे विटेच्या चित्राचा कागद चिकटवला. जुनी लाकडी बाकडी भंगारवाल्याला दिली आणि तशाच दिसणाऱ्या खुर्च्या बंगळुरूहून मागवल्या. दारावरची ‘इंगवले खानावळ’ ही पाटी उतरून ‘द कॉपर लॅडल’ अशी चढली. त्याचा अर्थ तांब्याची पळी. पण तांब्याची पळी म्हटलं असतं तर विमानाने येणारे पाहुणे आत आले नसते, असं राजवर्धनचं म्हणणं होतं. आत मिळणार होतं तेच, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं आणि भाकरी. फक्त भाकरीखाली आता केळीच्या पानाचा गोल तुकडा येऊ लागला. त्या तुकड्यामुळे भाकरीला काय फरक पडतो ते भाकरीला माहीत.

हॉलला आता एक कॅप्टन लागणार होता. कॅप्टनने काळा कोट घालायचा, दाराशी उभं राहायचं, पाहुण्यांना टेबल दाखवायचं आणि वाढणाऱ्यांकडे नुसतं बघायचं. वाटी उचलायची नाही, पळी धरायची नाही, हॉल ते किचन अशा दिवसाला दोनशे फेऱ्या मारायच्या नाहीत. हे ऐकल्याबरोबर सगळ्यात आधी आकारामचे गुडघे खूश झाले. डॉक्टरांनी त्याला कमी चालायला सांगितलं होतं. वाढप्याला कमी चालायला सांगणं हा सल्ला डॉक्टरकीच्या पुस्तकात नेमका कुठल्या पानावर असतो देव जाणे.

गुडघ्यांपेक्षा दुखणारी जागा वेगळीच होती. आकारामचा मेहुणा हुपरीला चांदीच्या पैंजणांचं काम करतो. चारचौघांत दाजींची ओळख करून देताना तो आवाज एकदम खाली आणायचा, “आमचं दाजी, कोल्हापुरात हाटेलात असत्यात.” ‘असत्यात’ म्हणजे नेमकं काय करत्यात, ते पुढे कुणी विचारू नये म्हणून तो लगेच चहा मागवायचा. कॅप्टन झालं की हा आवाज वर येणार होता. आकारामला ते पद हवं होतं. अगदी मनापासून, लहान पोराला जत्रेतली पिपाणी हवी असते तसं हवं होतं. बाळासोंनी त्याला खासगीत सांगूनही टाकलं होतं, “हॉल तुझाच की रं. पोरगं नुसतं इंग्लिशचं काय ते बघणार हाय.”

तेवढंच काय ते होतं. राजवर्धनने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की हॉलमध्ये इंग्रजी बोलणाराच राहील, नापास होईल तो मागे भांड्यांवर जाईल, आणि पास झालेल्यांतून कॅप्टन निवडला जाईल.

शिकवायला आली मेहक. ही मीरासाब वस्तादांची मुलगी. मीरासाब म्हणजे खानावळीचा रस्सा. मालक बदलले, पाटी बदलली, पण भट्टीपाशी तेच. मेहक हॉटेलचा डिप्लोमा करून चार वर्षं गोव्यातल्या मोठ्या हॉटेलात काउंटरवर होती. लहानपणी ती याच हॉलमध्ये टेबलाखाली खेळली होती आणि आकारामनेच तिला सोलकढी पाजली होती. आता ती दुपारी साडेतीन ते पाच हातात मार्कर घेऊन उभी राहायची आणि बारा वाढपी तिच्यासमोर बसायचे. मीरासाबांनी स्वतः शिकायला साफ नकार दिला. “मला भेटाय कोण येतंय आत?” एवढंच म्हणाले आणि कांदा भाजायला गेले.

पहिला धडा आवाजाचा. आकाराम हॉलच्या मधोमध उभा राहून ‘पाच नंबर पांढराऽऽ’ अशी आरोळी ठोकायचा तेव्हा मागच्या गल्लीतल्या सायकलवाल्यालाही पाच नंबरला काय चाललंय ते कळायचं. मेहकने त्याला टेबलाशी उभं केलं.

“मामा, गिऱ्हाईक हातभर लांब हाय. पन्हाळ्यावर न्हाय.”

“हळू बोललं की वाटतंय पोरी, काय तरी लपवायलोय.”

“लपवा. इंग्लिशमध्ये थोडं लपवायलाच लागतंय.”

दुसरा धडा चौकशीचा. पाहुण्याला गाव कुठलं, कुणापैकी, पोरं किती, पोरं काय करतात, असं विचारायचं नाही. आकारामला हे फार विचित्र वाटलं. ज्याचं गावही माहीत नाही त्याला मटण कसं वाढायचं? पण त्याने वहीत देवनागरीत लिहून घेतलं. ‘गुड आफ्टरनून सर, हॅव यू अ रिझर्वेशन’. ‘धिस इज अवर स्पेशल मटन करी, स्लाइटली स्पायसी’. हे दुसरं वाक्य पाठ करताना त्याला मनातून अपराधी वाटायचं, कारण मीरासाबांच्या तांबड्या रश्शाला स्लाइटली म्हणणं म्हणजे निव्वळ खोटी साक्ष होती.

वाक्यांत तो कमी पडला नाही. रोज सकाळी घरी बायको शालन वही धरायची आणि तो म्हणायचा, “वुड यू लाइक सम मोर राइस, मॅडम?”

“एवढं तोंड वाकडं करून इचारताय, तर नकोच,” शालन म्हणायची.

पण तिने ही बातमी गल्लीत पुरवण्याचं काम चोख बजावलं. आमचं मालक आता कॅप्टन हुणार, असं दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना कळलं. हुपरीलाही कळलं.

आकाराम अडला तो ‘नको’पाशी.

सरावाच्या वेळी मेहक पाहुणी होऊन टेबलाशी बसली. आकाराम वाटी घेऊन आला, कमरेत जरासा वाकला, आवाज हातभर ठेवला. “वुड यू लाइक सम मोर, मॅडम?”

“नो, थँक यू.”

आकारामने पळी उचलून वाटीत रस्सा सोडला.

“मामा, मी नको म्हटलं की!”

“व्हय. एकदा म्हटलीस.”

“इंग्लिशमध्ये एकदाच म्हणत्यात. नो थँक यू म्हटलं की ते पहिलं आणि तेच शेवटचं. आपण ‘सर्टनली’ म्हणायचं आणि मागं सरायचं.”

आकाराम विचारात पडला. “आणि त्यानं लाजून म्हटलं असलं तर?”

“तर त्यो उपाशी ऱ्हाणार.”

“आणि पाप कुणाला?”

या प्रश्नाचं उत्तर गोव्यातल्या मोठ्या हॉटेलात शिकवलेलं नव्हतं. मेहकने मार्करचं टोपण लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन दिवसांत आकाराम या एकाच धड्यात चार वेळा नापास झाला. तोंडाने तो ‘सर्टनली’ म्हणायचा आणि हात तोवर वाढून मोकळा झालेला असायचा. त्या हाताला कुणी इंग्रजी शिकवलं नव्हतं.

शेवटी मेहकने उपाय काढला. ‘नो’ ऐकलं की पळी भांड्यात ठेवायची, दोन पावलं मागं जायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि तोंड बंद. आठवडाभर तिने बाराही जणांकडून ही कवायत करून घेतली. एकजण ‘नो थँक यू’ म्हणायचा आणि अकराजण एका तालात मागे सरून हात बांधायचे. गल्ल्यावरून बाळासो बघत असत. त्यांना वाटायचं, पोरं पंधरा ऑगस्टची तयारी करताहेत.

परीक्षेला राजवर्धनचा बंगळुरूचा मित्र आला. त्याने पांढऱ्याला नो म्हटलं, दुसऱ्या भाकरीला नो म्हटलं, सोलकढीलाही नो म्हटलं. आकाराम प्रत्येक वेळी सर्टनली म्हणून दोन पावलं मागे सरला आणि रिकाम्या वाटीकडे बघत हात बांधून उभा राहिला. सव्वीस वर्षांत त्याच्या टेबलावरून कुणी असं उठलं नव्हतं. परीक्षक फॉर्मवर काहीतरी लिहून हसतमुखाने गेला. आकारामला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. शालनने विचारल्यावर म्हणाला, “एक माणूस उपाशी लावून दिला, आणि मी पास झालो.”

निकालात मोना पहिली आणि आकाराम दुसरा आला. मोना इचलकरंजीची, तेवीस वर्षांची, डिप्लोमावाली. ती तीनच महिन्यांपूर्वी लागली होती आणि तिचं इंग्रजी तिच्या सोबतच आलं होतं. पोरगी सरळ होती. “मामा, कॅप्टन तुम्हीच. मला अजून पाच नंबर कुठला आणि सात कुठला कळत न्हाय,” असं ती स्वतः म्हणाली. राजवर्धनलाही तेच वाटत होतं. गुण एकीकडे आणि सव्वीस वर्षं एकीकडे, एवढा हिशोब परदेशात शिकलेल्यालाही येत होता.

सोमवारी दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. बारा वाढपी एका रांगेत. समोर राजवर्धन, त्याच्या बाजूला हँगरवर काळा कोट. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाळासो. मेहक दुसऱ्या एका हॉटेलात शिकवायला गेली होती आणि मीरासाब नेहमीप्रमाणे आत भट्टीपाशी होते. राजवर्धनने दहा मिनिटं इंग्रजीत भाषण केलं. आकारामला ते जवळजवळ सगळं कळलं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण माणसाचं वाटोळं न कळल्यामुळे होतं असा आपला समज असतो. इथे पुढे जे झालं ते सगळं नीट कळून झालं.

“मिस्टर आकाराम,” राजवर्धन म्हणाला, “वुड यू लाइक टु बी अवर कॅप्टन?”

आता आपल्याकडे चारचौघांत मान मिळताना कसं वागतात? आकारामच्या गावात सोसायटीचे चेअरमन झालेले एक गृहस्थ निवडीच्या दिवशी ‘मला नको, दुसरं कुणीतरी बघा’ म्हणत थेट उसात जाऊन बसले होते. दोन माणसांनी दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हा कुठे ते खुर्चीवर बसले. अभिनंदनाचा फलक त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी छापायला टाकला होता, ही गोष्ट वेगळी. हार घालायला बोलावलं की माणूस खांबामागे सरकतो, फेटा आला की शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. कुणी तरी ‘असं कसं, तुम्हीच’ म्हणून ढकलतं आणि मग तो नाइलाजाने, अगदी नाइलाजाने, मान खाली घालून पुढे जातो. पटकन ‘हो, द्या’ म्हणणारा माणूस हावरा. त्याला नंतर कुणी शेजारी बसवून घेत नाही.

आकाराम चांगल्या घरचा. तो अर्धं पाऊल मागे सरला आणि हातभर आवाजात, एकही चूक न करता म्हणाला, “नो, नो, सर. थँक यू. मोना इज गुड, सर.”

आणि पाठीवर पडणाऱ्या हाताची वाट बघत उभा राहिला.

हात पडला नाही. त्याच्या डावीकडचे आणि उजवीकडचे अकराही जण ‘नो, थँक यू’ ऐकताच दोन पावलं मागे सरले होते आणि पाठीमागे हात बांधून उभे होते. सगळेच नुकते पास झाले होते. ज्यांनी आकारामच्या कमरेत कोपर मारून त्याला पुढे ढकललं असतं ते एक मीरासाब आत कांदा परतत होते. बाळासोंनी तर खुर्चीवरून उठून त्याच्या अंगात कोट कोंबला असता, पण मुलाचं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. त्यांना वाटलं, अजून प्रास्ताविकच चाललंय.

“सर्टनली,” राजवर्धन म्हणाला. “आय रिस्पेक्ट दॅट.” आणि त्याने खरोखरच आदराने मान लववली. मग तो मोनाकडे वळला आणि तोच प्रश्न तिला विचारला.

“येस सर, आय वुड लव्ह टु,” मोना म्हणाली. तिच्या डिप्लोमात उसात बसण्याचा तास नव्हता.

टाळ्या वाजल्या. आकारामनेही वाजवल्या. टाळ्या ऐकून मीरासाब पळी हातात घेऊनच बाहेर आले.

“झालं? कोट कुठाय?”

“मोनाला दिला.”

“आणि तू काय म्हटलास?”

“नको म्हटलं.”

“ते तर म्हणायचंच असतंय की. पुढं?”

“पुढं काय न्हाय वस्ताद. त्येनी बरं म्हटलं.”

मीरासाबांनी एकदा राजवर्धनकडे आणि एकदा रांगेतल्या बांधलेल्या हातांकडे बघितलं. मग शिवी दिली. ती कुणाला उद्देशून होती हे कुणालाच नक्की कळलं नाही. बाळासोंना सगळं समजायला पाच मिनिटं लागली, आणि समजल्यावर ते मुलाला एवढंच म्हणाले, “एकदाच इचारलास?” मुलाला प्रश्नच कळला नाही. माणसाला एकदाच विचारतात, त्याच्या उत्तराचा मान ठेवतात, हे शिकवायला बापाने केवढे पैसे मोजले होते.

शालनने त्या दिवशी गल्लीत वाटायला शिरा केला होता. आकारामने चप्पल काढता काढताच सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, कढईवर झाकण ठेवलं आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“लोकं नको नको म्हणत्यात तरी त्येंच्या वाटीत वतणारं तुम्ही! आणि सोताच्या ताटात एक कोट वाढून घ्यायला हात येईना तुमचा?”

“तीनदा तरी इचारतील वाटलं गं.”

“लगीन ठरवायला आलतं काय त्ये, तीनदा इचारायला?”

 आकारामला फार वाईट वाटत होतं, आणि राजवर्धनपेक्षा स्वतःचाच राग जास्त येत होता. सव्वीस वर्षं तो हजारो माणसांना ‘काय पाहिजे’ म्हणून विचारत आला होता. ‘मला पाहिजे’ असं तो स्वतः कधी कुणाला म्हणाला होता? पगार वाढवून पाहिजे असंही कधी म्हणाला नव्हता. बाळासोच दिवाळीला वाढवायचे, आणि तेव्हाही तो कशाला कशाला म्हणायचा. वही उघडून बघितली तर तिच्यात सगळी वाक्यं दुसऱ्याला काय हवं ते विचारायची. स्वतःला काही हवं असेल तर काय म्हणायचं, याचं पान शेवटी होतं, मेहकने घाईत लिहून दिलेलं. ‘आय वॉन्ट’ म्हणायचं नाही, उद्धट वाटतं. ‘आय वुड लाइक’ म्हणायचं.

दोन दिवस तो तेवढंच घोकत राहिला. आय वुड लाइक टु बी कॅप्टन. भांडी मोजताना, बसमध्ये, अंघोळ करताना. गुरुवारी दुपारचं जेवण आवरलं की केबिनमध्ये जायचं आणि बोलून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी पावणेतीनला, हॉल रिकामा होत असताना, दारात एक माणूस येऊन उभा राहिला. किडकिडीत, पन्नाशीचा, इस्त्री केलेला शर्ट आणि केसांत कापसाचे तुसे. यंत्रमागावरची पाळी संपवून तसाच एसटीत बसलेला दिसत होता. पायपुसण्यावर चप्पल काढू की नको, या विचारात होता. दाराशी काळ्या कोटात उभी असलेली मोना त्याला बघून आधी हसली, मग लाजली आणि मग रीतसर म्हणाली, “गुड आफ्टरनून, सर. वेलकम.”

तो मोनाचा बाप होता. पोरीने ‘सर’ म्हटल्यावर त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाला. धूळ नव्हती. राजवर्धनने नुकतंच धूळ ओढून घ्यायचं यंत्र बसवलं होतं.

तिने त्याला तीन नंबरला बसवलं. तीन नंबर आकारामचा.

आकारामने वाढलं. माणूस पहिल्या पळीलाच नको म्हणाला. ते कसलं नको होतं ते आकारामला लांबूनच कळलं होतं. हे पहाटेपासून काही न खाल्लेल्या माणसाचं नको होतं. त्याने कवायत बाजूला ठेवली. पांढरा वाढला, तांबडा वाढला, पुन्हा पांढरा वाढला, तिसरी भाकरी मोडून ताटात ठेवली. माणूस नको नको म्हणत सगळं जेवला. दाराशी उभ्या कॅप्टनने हे पाहिलं आणि नियम मोडल्याबद्दल काही न बोलता तोंड रस्त्याकडे फिरवलं.

सोलकढी पिता पिता त्या माणसाने आकारामचा हात धरला.

“तुम्हीच आकारामभाऊ न्हवं?”

“व्हय.”

“पोरीनं सांगितलंय मला. मालक तुम्हाला कॅप्टन करायलं होतं, आणि तुम्ही सगळ्यांम्होरं नको म्हणून तिचं नाव घेतलासा. एवढं कोण करतंय ओ दुसऱ्याच्या लेकरासाठी? तीस वर्षं माग चालवतोय मी. आमच्या घरात कोट कुणाच्या अंगाला लागलेला न्हवता.”

आणि तो खुर्चीवरून उठून आकारामच्या पाया पडायला वाकला. आकारामने त्याला वरच्यावर धरलं. “आवो, नको नको,” असं तो म्हणाला. न केलेल्या उपकाराची परतफेड इतक्या जवळून बघायची वेळ कुणावर येऊ नये. खरं सांगावं तर त्या माणसाला जेवलेलं पचलं नसतं, न सांगावं तर स्वतःला. “सावकाश बसा. अजून भात यायचा हाय,” एवढंच त्याला सुचलं.

तरीही तो केबिनकडे गेला. जायचं ठरवलं होतं म्हणून पाय गेले, आणि दोन दिवस घोकलेलं वाक्य एकदा बोलून टाकणं भाग होतं.

राजवर्धन लॅपटॉपवर काहीतरी बघत होता.

“सर,” आकाराम म्हणाला, “आय वुड लाइक टु बी कॅप्टन.”

राजवर्धनने वर बघितलं. “बट आय आस्क्ड यू.”

“वन्स, सर,” आकाराम म्हणाला. “यू आस्क्ड वन्स.”

 राजवर्धन वाईट मुलगा नव्हता. पाचवीत असताना तो शाळेतून इथेच जेवायला यायचा आणि भूक नाही म्हणायचा. त्याला कोण भरवायचं ते त्याला आठवलं असावं, कारण लॅपटॉप बंद करून तो परत आल्यापासून पहिल्यांदा त्याच्याशी मराठीत म्हणाला, “काका, तुम्हाला पाहिजे होतं?”

“व्हय.”

“मग तुम्ही नको का म्हटलं?”

“मग काय म्हणू? सगळ्यांम्होरं?”

राजवर्धनने कपाळाला हात लावला. बाप तीन दिवस आपल्याशी का बोलत नाही, तेही त्याला बहुधा आत्ताच कळलं. तो उठून उभा राहिला. “काही बिघडलेलं नाही, काका. तीनच दिवस झालेत. मी मोनाशी बोलतो. ती समजून घेईल. संध्याकाळपासून कोट तुमचा. चालेल?”

“नको, सर.”

राजवर्धन हसला. तो हुशार होता, एकदा चुकला तरी धडा लगेच घेणारा. “आता मला कळलंय तुमचं नको. लाजू नका. मी तिला आत्ताच बोलावतो.”

“न्हाय, खरंच नको.”

“काका, असं कसं? तुमचा मान आहे तो. तुम्हीच पाहिजे.”

सोमवारी जे ऐकायला आकारामचे कान आसुसले होते ते हेच, शब्दाला शब्द. त्याला हसावं की रडावं कळेना. मालकाच्या पोराला अखेर आग्रह जमला होता, आणि तोही नेमका आता.

“सर, तिचा बाप तीन नंबरला जेवतोय,” आकाराम म्हणाला. “तिला आता काय बोलू नका. आज न्हाय आणि उद्या बी न्हाय.”

राजवर्धनचा हात बेलवर होता, तो त्याने काढून घेतला. काचेतून तीन नंबर दिसत होतं. मोना बापाच्या शेजारी उभी होती आणि तो तिच्या कोटाचं बटण दोन बोटांत धरून बघत होता.  चौथ्यांदा त्याने विचारलं नाही.

आकाराम वळला. दारापाशी तो जरा वेळ थांबला. गुडघा धरला होता म्हणून थांबलो, असं तो शालनला अजून सांगतो.